दवाखान्याच्या शेजारी स्वयंपाकगृह : सरकारी मोफत अन्नसेवेचे परीक्षण

सरकारने नागरिकांना मूलभूत अन्न मोफत द्यावे का, हा प्रश्न बहुधा तत्त्वाचा म्हणून मांडला जातो आणि मग दोन्ही बाजूंनी तत्त्वांचीच देवाणघेवाण होत राहते. प्रत्यक्षात मोफत किंवा नाममात्र दरातले सरकारी अन्न ही जगात अनेक ठिकाणी, अनेक दशकांपासून चालू असलेली सेवा आहे. ती कोणाला मिळते, किती मिळते, कोणत्या दर्जाची मिळते, ती घेणाऱ्याला कशी वागणूक सोसावी लागते आणि सरकार बदलले किंवा महागाई वाढली तरी ती टिकते का, हे सगळे तपासता येते. तसे तपासल्यावर माझे मत असे झाले आहे की सरकारने अन्न मोफत द्यावे, मात्र ते शिजवलेले द्यावे आणि येईल त्याला द्यावे. कोरडे धान्य आणि पात्रतेची यादी यांच्याभोवती उभारलेली सेवा निम्मेच काम करते.

सार्वजनिक आरोग्यसेवेशी तुलना करणे इथे स्वाभाविक आहे. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. त्याच वर्षी १० डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला आणि त्याच्या २५व्या कलमात अन्न व वैद्यकीय सेवा यांचा उल्लेख एकाच वाक्यात केला. भारताच्या राज्यघटनेतील ४७वे कलमही लोकांचे पोषणमान उंचावणे आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे ही राज्याची कर्तव्ये एकत्रच सांगते. कागदावर जोडीने आलेल्या या दोन हक्कांचे पुढचे आयुष्य मात्र फार वेगळे झाले. सरकारी रुग्णालयात उपचार घेणाऱ्याला अनेक देशांत कोणी याचक मानत नाही, पण सरकारी अन्न घेणाऱ्याला आपली गरिबी आधी सिद्ध करावी लागते. कुपोषित मुलाला न्यूमोनिया झाला की त्याच्यावर मोफत उपचार करण्यास समाजाची हरकत नसते, आणि तो होऊ नये म्हणून त्याच मुलाला आधी रोज जेवू घालण्याचा विषय निघाला की परावलंबनाची चिंता सुरू होते. हा क्रम मला उलटा वाटतो.

या तुलनेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप अर्थशास्त्राचा आहे आणि तो नीट ऐकून घेतला पाहिजे. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या अर्थकारणावर लिहिलेल्या निबंधात अनिश्चितता हा मुद्दा केंद्रस्थानी ठेवला. आजार केव्हा येईल आणि किती खर्च करवील हे कोणालाच ठाऊक नसते, आणि कोणता उपचार हवा हे रुग्णापेक्षा डॉक्टरला अधिक कळते, म्हणून तिथे साधा बाजार पुरा पडत नाही. भुकेचे तसे नाही. ती रोज लागते, तिचा खर्च आधी कळतो आणि काय खावे हे ज्याचे त्याला समजते. मग सरकारने स्वयंपाकात का पडावे, गरजूला रोख रक्कम द्यावी आणि बाजूला व्हावे, असा हा युक्तिवाद आहे.

समाजाच्या सगळ्या जेवणांची जबाबदारी सरकारने उचलावी असे कोणी म्हणत असेल, तर त्याला हा युक्तिवाद निरुत्तर करतो. किमान जेवणाच्या बाबतीत मात्र तो अपुरा पडतो, कारण भूक नियमित असली तरी ती भागवण्याची ऐपत नियमित नसते. नोकरी जाणे, पीक बुडणे, घरातले कमावते माणूस अंथरुणाला खिळणे या गोष्टी आजाराइतक्याच अनपेक्षित असतात. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले की अन्न उपलब्ध असतानाही ते मिळवण्याचे साधन हातात नसलेली माणसे उपासमारीने मरतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ सालच्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगात सुमारे ६७ कोटी ३० लाख माणसे भुकेली होती आणि सुमारे २६० कोटी माणसांना आरोग्यदायी आहार परवडत नव्हता. यांपैकी दुसऱ्या आकड्याकडे अधिक लक्ष दिले पाहिजे असे मला वाटते. पोट कशाने तरी भरलेले आहे, पण शरीराला हवे ते मिळालेले नाही, अशी स्थिती जगात भुकेपेक्षा कितीतरी अधिक पसरलेली आहे, आणि बहुतेक सरकारी अन्नसेवा नेमक्या इथेच कमी पडतात.

भारतातील सार्वजनिक वितरण व्यवस्था ही या प्रकारातील जगातील सर्वांत मोठ्या सेवांपैकी एक. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने अन्नाला कायदेशीर हक्काचे रूप दिले, ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्या त्याच्या कक्षेत आणली, आणि जानेवारी २०२३ पासून या कायद्याखालील धान्य पूर्णपणे मोफत झाले. २०२० च्या टाळेबंदीत रोजगार एकाएकी थांबला तेव्हा याच व्यवस्थेतून दरमहा माणशी ५ किलो जादा धान्य देता आले. गोदामे, दुकाने आणि शिधापत्रिका यांचे जाळे आधीपासून उभे नसते तर ते शक्य झाले नसते. या जाळ्याचे मोल मी कमी लेखत नाही.

तरीही घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर मर्यादा स्पष्ट दिसतात. बहुतेक लाभार्थींचा नेहमीचा शिधा माणशी महिन्याला ५ किलो, म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम धान्य. त्यातून पावणेसहाशेच्या आसपास कॅलरी मिळतात, म्हणजे कष्टकरी प्रौढाच्या गरजेचा जेमतेम पाव भाग. डाळ, तेल, भाजी, दूध यांना या कायद्याच्या मूळ हक्कात जागाच नाही. शिवाय लाभार्थींची संख्या २०११ च्या जनगणनेवरून ठरलेली असल्याने ती ८१ कोटींच्या आसपास थांबलेली आहे, आणि त्यानंतर वाढलेल्या लोकसंख्येला कोणाचे तरी नाव कमी होण्याची वाट पाहावी लागते. हातावर पोट असलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे कामाने झिजतात आणि यंत्र त्याला ओळखत नाही, ही अडचण बाहेरून तांत्रिक दिसते, पण रांगेत उभ्या असलेल्यासाठी तो त्या दिवसाच्या अन्नाचा प्रश्न असतो.

नुसते धान्य स्वस्त केल्याने पोषण सुधारते का, याविषयी चीनमधील हुनान आणि गान्सू प्रांतांत रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर या अर्थशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग विचार करायला लावणारा आहे. त्यांनी गरीब कुटुंबांना तांदळावर किंवा गव्हावर सवलत दिली. वाचलेल्या पैशाचा काही भाग लोकांनी अधिक चवीच्या किंवा इतर गोष्टींवर खर्च केला आणि एकूण पोषणात सुधारणा झाल्याचा पुरावा मिळाला नाही. यावरून गरिबांना खर्चाची अक्कल नसते असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. चवीची इच्छा ही चैन मानण्याचे कारण नाही. त्यातून एवढेच कळते की पोषण हा उद्देश असेल तर धान्याचे पोते हे त्यासाठी अपुरे साधन आहे.

कोरड्या धान्याच्या सेवेत आणखी एक गृहीतक लपलेले असते, ज्याची चर्चा मला फारशी आढळत नाही. धान्य हाती आले म्हणजे जेवण मिळाले असे ही सेवा मानते. त्यासाठी घरी चूल, इंधन, भांडी, पाणी, वेळ आणि बहुतेक घरांत एका बाईचे श्रम असावे लागतात. बांधकामाच्या जागी राहणारा मजूर, एकटी राहणारी वृद्ध व्यक्ती, रस्त्यावर झोपणारा माणूस, दोन पाळ्यांत काम करणारी आई, यांच्यापर्यंत पोते पोहोचले तरी जेवण पोहोचेलच असे नाही.

इजिप्तमधील सवलतीच्या भाकरीची सेवा तयार अन्न देते, हा तिचा मोठा गुण. जानेवारी १९७७ मध्ये सवलती कमी करण्याच्या निर्णयाविरुद्ध तिथे दंगली उसळल्या आणि सरकारला माघार घ्यावी लागली. त्यानंतर भाकरीच्या किमतीला हात लावण्याचे धाडस क्वचितच झाले. भाकरी चाऱ्यापेक्षा स्वस्त पडू लागल्याने ती जनावरांना घातली जाई आणि सवलतीचे पीठ काळ्या बाजारात जाई. २०१४ नंतर इलेक्ट्रॉनिक कार्डावर माणशी दिवसाला ५ भाकऱ्या अशी मर्यादा आली, तर अनेक दशके न बदललेली किंमत २०२४ साली चौपट झाली. एकाच पदार्थावर आणि बऱ्याच अंशी आयात गव्हावर उभी असलेली सेवा जागतिक बाजार हलला की हादरते.

अमेरिकेतील अन्न-कार्डाची योजना उलट टोकाची आहे; तिच्यात दुकानातून खाद्यपदार्थ घेण्यासाठी कार्डावर रक्कम जमा होते. १९६४ च्या कायद्याने तिला स्थायी रूप मिळाले आणि आज सुमारे ४ कोटी लोक तिचा लाभ घेतात. निवडीचे स्वातंत्र्य हा तिचा खरा गुण असून ते स्वातंत्र्य मी मोलाचे मानतो. मात्र दुकानातले गरम, तयार जेवण या कार्डावर सहसा घेता येत नाही, आणि महिन्याच्या सुरुवातीला जमा झालेली रक्कम अनेक कुटुंबांत महिना संपण्याआधीच संपते. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात पोटाला चिमटा बसतो.

टिकाऊपणाच्या कसोटीवर श्रीलंकेचा अनुभव मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तिथे १९४२ पासून तांदळाचा शिधा जवळजवळ सर्वांना मिळत असे. १९५३ साली सरकारने त्यावरील सवलत काढली तेव्हा देशव्यापी हरताळ झाला आणि पंतप्रधान डडली सेनानायके यांना पद सोडावे लागले. जोपर्यंत तो शिधा सर्वांचा होता तोपर्यंत तो काढून घेणे कोणत्याही सरकारला सोपे नव्हते. १९७८ साली तो कमी उत्पन्नाच्या कुटुंबांपुरता, म्हणजे सुमारे निम्म्या लोकसंख्येपुरता, उरला आणि १९७९ साली त्याच्या जागी अन्नाची कुपने आली. कुपनांचे मूल्य रुपयांत गोठवलेले होते, महागाई वाढत गेली आणि काही वर्षांतच त्यांची खरेदीशक्ती निम्म्याच्या आसपास आली. या वेळी मोठा हरताळ झाला नाही, कारण ज्यांच्या आवाजाला वजन होते ते या सेवेतून आधीच बाहेर पडलेले होते. गरजू तेवढेच निवडून पैसा वाचवण्याचा विचार कागदावर शहाणपणाचा दिसतो, पण त्याने सेवेचे रक्षणकर्तेही कमी होतात.

शिजवलेल्या अन्नाच्या सेवांकडे वळल्यावर चित्र पुष्कळ बदलते. फिनलंडने १९४३ साली, युद्धाच्या ऐन धामधुमीत, शाळेच्या प्रत्येक दिवशी प्रत्येक मुलाला मोफत जेवण देण्याचा कायदा केला. त्यासाठी स्थानिक संस्थांना पाच वर्षांची मुदत दिली आणि १९४८ पासून तो पूर्णपणे अमलात आला. अशी सेवा श्रीमंत देशांनाच परवडते असे म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात घ्यावी. तेव्हाचा फिनलंड युद्धाने पिचलेला आणि गरीब होता, सुरुवातीच्या काळात मुलेही रानातली फळे वेचून या जेवणाला हातभार लावत. आज तिथे कारखानदाराचे आणि सफाई कामगाराचे मूल एकाच टेबलावर तेच जेवण जेवते, शिक्षकही सोबत जेवतात आणि जेवणाची वेळ शिक्षणाचाच भाग मानली जाते. पंक्तिप्रपंच नाही, नावांची यादी नाही आणि थकबाकीची चिठ्ठीही नाही. अमेरिकेतील अनेक शाळांत मुलांच्या जेवणाची थकबाकी साचते आणि तिचा ओशाळवाणेपणा मुलालाच भोगावा लागतो. २०२० ते २०२२ या महामारीच्या काळात तिथे जेवण सर्व मुलांसाठी मोफत करण्याची मुभा मिळाली तेव्हा तो प्रश्न बाजूला पडला. पुढे कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी ती पद्धत स्वतःच्या खर्चाने कायम ठेवली.

प्रौढांसाठी अशी सेवा चालू शकते का, याचे उत्तर ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात दिलेले आहे. १९४० पासून स्थानिक प्रशासनांनी सामुदायिक भोजनगृहे उघडली. विन्स्टन चर्चिल यांना त्यांचे मूळ नाव गरिबांच्या आश्रयगृहाची आठवण करून देणारे वाटले म्हणून त्यांनी 'ब्रिटिश रेस्टॉरंट' हे नाव सुचवले. १९४३ पर्यंत त्यांची संख्या २,००० च्या पुढे गेली होती. जेवण मोफत नसले तरी दर सर्वांना परवडेल असा ठेवलेला होता, त्यासाठी शिधापत्रिकेतले कूपन द्यावे लागत नसे आणि कोणालाही आत येता येत असे. नावाचा हा बदल किरकोळ वाटेल, पण बॉम्बहल्ल्यात घर गमावलेल्या माणसाला आश्रयाला जाणे आणि जेवायला जाणे यांतला फरक नक्कीच जाणवत असणार.

ब्राझीलमधील बेलो होरिझोंते या शहराने शांततेच्या काळात तेच करून दाखवले. १९९३ साली महापौर पात्रुस अनानियास यांच्या प्रशासनाने अन्न हा नागरिकांचा हक्क मानून त्यासाठी स्वतंत्र महापालिका विभाग स्थापन केला आणि त्यातून लोकांची भोजनगृहे सुरू केली. तिथे उत्पन्नाचा दाखला विचारला जात नाही. विद्यार्थी, निवृत्त माणसे, कार्यालयात काम करणारे आणि बेघर माणसे एकाच रांगेत उभी राहतात, त्यामुळे त्या रांगेत उभे राहिल्याने कोणाची गरिबी जाहीर होत नाही. त्याच धोरणात परिसरातील छोट्या शेतकऱ्यांना थेट विक्रीसाठी जागा दिली गेली. हा सगळा कार्यक्रम शहराच्या अर्थसंकल्पाच्या २ टक्क्यांहून कमी खर्चात चालत असल्याची नोंद आहे. पुढे २००९ च्या कायद्याने ब्राझीलने शालेय भोजनासाठीच्या केंद्रीय निधीतील किमान ३० टक्के रक्कम कुटुंबशेती करणाऱ्यांकडून खरेदीसाठी राखली, आणि २०१० साली अन्नाला राज्यघटनेतील सामाजिक हक्कांत स्थान मिळाले. मोफत अन्नाने शेतकरी आणि बाजार कोलमडतील अशी भीती घालणाऱ्यांनी खरेदी कोणाकडून होते हे पाहिले पाहिजे, कारण परिणाम बऱ्याच अंशी त्यावर ठरतो.

गैरवापराच्या भीतीलाही शिजवलेल्या अन्नाकडे साधे उत्तर आहे. धान्याचे पोते विकता येते, कूपन विकता येते, पण गरम जेवणाचे ताट दुसऱ्या बाजारात नेऊन विकणे कठीण असते, आणि मोफत मिळते म्हणून कोणी दुपारी दोनदा जेवत नाही. ज्याला घरी यापेक्षा चांगले मिळते तो बहुधा रांगेत येत नाही, आणि आला तरी एका ताटाने राज्य बुडत नाही. त्याला अडवण्यासाठी उभारलेल्या यंत्रणेपायी मात्र खरे भुकेले बाहेर राहतात.

शिजवलेल्या अन्नाच्या सेवेचा धोकाही तितक्याच स्पष्टपणे सांगितला पाहिजे. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील एका शाळेत मध्यान्ह भोजनातील तेल कीटकनाशकाने दूषित झालेले होते आणि २३ मुलांचा जीव गेला. धान्य खराब असले तर घरची बाई ते निवडते, परत करते किंवा टाकून देते. शिजवलेले अन्न मात्र खाणाऱ्याने पूर्ण विश्वासाने खायचे असते. म्हणून साठवणीची कुलूपबंद जागा, स्वच्छ पाणी, वाढण्यापूर्वी मोठ्या माणसाने चव घेणे आणि स्वयंपाक करणाऱ्यांचे प्रशिक्षण या बाबी सेवेचा गाभा मानल्या पाहिजेत. ज्या देशांत हे काम तुटपुंज्या मानधनावर, बहुतांशी गरीब स्त्रियांकडून करून घेतले जाते, तिथे या सेवेचा दर्जा मी कधीही उत्तम म्हणणार नाही. रुग्णालयातील परिचारिकेला पगार आणि निवृत्तिवेतन मिळते, तर शेकडो मुलांसाठी रोज रांधणारी स्त्रीही त्याच नियमाने सार्वजनिक सेवेतील कर्मचारी ठरते.

दुसरी उणीव निवडीची आहे. मोठ्या भांड्यात सर्वांसाठी एकच जेवण होते. आजारपणातले पथ्य, श्रद्धा आणि वय यांनुसार माणसांच्या गरजा वेगळ्या असतात, आणि अंडे द्यावे की नाही यावरूनच काही ठिकाणी मुलांच्या ताटातील प्रथिने वादात अडकतात. यावर पूर्ण तोडगा नाही. रोज दोन पर्याय ठेवणे आणि भोजनगृहाच्या देखरेखीत जेवणाऱ्यांनाच जागा देणे, एवढे करता येते. घरीच शिजवू इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी धान्य, डाळ आणि तेल किंवा रोख रक्कम हा मार्गही खुला राहिला पाहिजे, कारण सगळ्यांनी भोजनगृहात जेवावे अशी सक्ती करणारी सेवा मला नको आहे.

या अटींसह मी या सेवेची शिफारस करतो : दिवसातून किमान एक पूर्ण जेवण, शिजवलेले, मोफत, येईल त्याला आणि ओळखपत्र न विचारता. कायद्यात मात्र रकमेऐवजी प्रमाण लिहिले पाहिजे, ताटात किती कॅलरी, किती प्रथिने आणि किती भाजी असेल हे नमूद केले पाहिजे, म्हणजे महागाई वाढल्यावर ताट लहान होण्याऐवजी तरतूद वाढवणे सरकारला भाग पडेल. सुरुवातीसाठी नवी इमारत बांधण्याचीही सर्वत्र गरज नाही. जगभरात ४० कोटींहून अधिक मुलांना शाळेत जेवण मिळते, आणि जिथे ते शाळेतच शिजते तिथली स्वयंपाकगृहे दुपारनंतर, शनिवार-रविवारी आणि दीर्घ सुट्ट्यांत बंद असतात. त्यांच्या चुली संध्याकाळी परिसरातील वृद्धांसाठी आणि कामावरून परतणाऱ्यांसाठी, आणि सुट्टीत त्याच मुलांसाठी, पेटत्या ठेवता येतील. त्यासाठी लागणारा जादा कर्मचारीवर्ग आणि शिधा यांचा हिशेब कोणतीही स्थानिक संस्था आजही मांडू शकते.